माणदेशात रेडिओ शोधताना

साताऱ्याहून पंढरपूरकडे निघालेली एस.टी. कोरेगाव ओलांडून पुसेगावच्या पुढे गेली की खिडकीबाहेरचा मुलूख पालटतो. उसाचा हिरवा पट्टा मागे राहतो. बोडके डोंगर, खडकाळ माळ, ओढ्याकाठच्या बाभळी आणि मध्येच एखाद्या विहिरीच्या जिवावर तगलेला कांद्याचा तुकडा, असे चित्र सुरू होते. दहिवडी येते, गोंदवले येते आणि मग माणगंगेच्या काठचे म्हसवड. तिथून खाली गेले की सांगली जिल्ह्यातले आटपाडी. हा सगळा माणदेश. पावसाच्या छायेतला प्रदेश, त्यामुळे दुष्काळाशी पिढ्यान् पिढ्यांची सोयरीक. अलीकडे उरमोडी आणि टेंभू या योजनांचे पाणी काही भागांत पोहोचले आहे. तिथे डाळिंबाच्या बागा आणि चक्क ऊसही दिसतो. तरी खिलार बैल, मेंढरांचे कळप आणि शाळू ही या मुलखाची जुनी ओळख अजून पुसलेली नाही.

गेल्या पौषात शाळू हुरड्यात आला असताना चार दिवस या भागात हिंडणे झाले. खात्याचे काम हरभऱ्यावरच्या घाटेअळीचे होते. पण ज्या गावात उतरलो, तिथे काम आटोपल्यावर एक प्रश्न आवर्जून विचारला, "गावात रेडिओ कोण ऐकतं?"

हा प्रश्न माणदेशातच का विचारावासा वाटला, तेही सांगितले पाहिजे. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १९५५ च्या रामनवमीपासून त्या केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले आणि दर आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर त्याची छप्पन्न गीते ऐकवली गेली. ती लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच मातीतले. त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर १९५५ मध्येच पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रम विभागात दाखल झाले आणि पुढे अनेक वर्षे तिथेच राहिले. 'बनगरवाडी' लिहिणारा माणूस शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाला मिळाला, हे त्या कार्यक्रमाचे मोठे भाग्य. खेड्यातला माणूस कसा बोलतो, कुठे थांबतो, कशाला हसतो हे त्याला कुणी शिकवावे लागले नव्हते. माडगुळे हे त्यांचे गाव आटपाडी तालुक्यात आहे. महाराष्ट्राच्या रेडिओला भाषा देणारा हा मुलूख, म्हणून त्याचे आजचे कान कुठे आहेत ते पाहावे, एवढाच हेतू होता.

म्हसवडच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एका वस्तीवर उतरलो. सत्तरी ओलांडलेले एक आबा खळ्यावर बसले होते. रेडिओचे नाव काढताच त्यांचा चेहरा खुलला. "हाय की सायेब! चालू हाय. चला दावतो."

आम्ही बांधावरून मक्याच्या तुकड्यापर्यंत गेलो. तिथे कडुलिंबाच्या फांदीला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक ट्रान्झिस्टर टांगलेला होता.

"ह्यो डुकरांसाठी," आबा म्हणाले. "राच्चा लावून ठेवायचा. माणूस बोलतंय म्हणून रानडुकरं लांब राहत्यात."

"आणि तुम्ही काय ऐकता?"

"आमाला नातवानं फोन दिलाय की."

मला हसू आवरेना आणि हसताही येईना. ज्या यंत्रासाठी एके काळी टपाल कचेरीत वर्षाचा परवाना भरावा लागे, जे लग्नात आंदण म्हणून दिले जाई आणि ज्याला कातड्याचे कव्हर शिवून घेतले जाई, ते आता बुजगावण्याच्या नोकरीला लागले होते. आबांनी मात्र जुन्या आठवणी हौसेने सांगितल्या. सेल उतरले की ते उन्हात वाळत घालायचे, म्हणजे आणखी दोन दिवस चालत. सांगली केंद्र १९६३ साली सुरू झाले, तेव्हापासून आवाज जवळ आल्यासारखा वाटू लागला. काट्याची दोरी तुटली तरी सांगली १२५१ वर आणि पुणे ७९२ वर कुठे लागते, ते बोटांना अंधारातही पाठ झाले होते. मेंढरे घेऊन वाटेला लागलेल्या धनगरांच्या गळ्यात हमखास रेडिओ असे. घरात दुपारी वनिता मंडळ लागे. "तवा कारभारीण रेडिओला हात लावू देत नव्हती," आबा म्हणाले. "संध्याकाळचं मातर माझं राज्य!"

मग हे ऐकणे सुटले कसे? दूरदर्शन आले हे एक कारण सगळेच सांगतात आणि ते खरेच आहे. १९८२ नंतर दूरदर्शनचा प्रसार झपाट्याने झाला आणि संध्याकाळची वेळ त्याने खाल्ली. पण दुसरे कारण यंत्रातच आहे, त्याचा विचार फार कमी होतो. जुना रेडिओ मध्यम लहरींवर चाले. या लहरी जमिनीच्या अंगाने दूरवर जातात, डोंगराची त्यांना फारशी पर्वा नसते. एका केंद्राचा आवाज कित्येक तालुक्यांत पोहोचे. एफ.एम.चा आवाज स्वच्छ, पण त्याची वाट सरळ रेषेची. मध्ये डोंगर आला की पलीकडच्या वाडीत नुसती खरखर. शिवाय मध्यम लहरी पकडायला सेटच्या आत तारेचे वेढे दिलेली फेराइटची कांडी लागते, ती मोबाइल फोनमध्ये नसते. ज्या फोनमध्ये एफ.एम.ची सोय असे, त्यालाही एरियल म्हणून कानात घालायची वायर जोडावी लागे. म्हणजे ऐकणारा आपोआपच एकटा झाला.

उरले सुरले काम विजेच्या उपकरणांनी केले. हलक्या प्रतीचे एल.ई.डी. दिवे आणि चार्जर लागले की मध्यम लहरींवर भुणभुण सुरू होते. आमच्या शेतकऱ्याच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे झटका मशीन. कुंपणात ठराविक अंतराने वीज सोडणारे ते यंत्र जवळ असले, तर रेडिओत बातम्यांच्या मध्ये टक्, टक्, टक् ऐकू येते. आबांच्या शेजारच्या रानात झटका मशीन आहे, त्यामुळे त्यांच्या डुकरांनाही कार्यक्रम नीट ऐकू येत नसणार.

कार्यक्रमांचाही दोष आहे. ज्यांना ऐकणाऱ्यांची भाषा येत होती, ती माणसे हळूहळू निवृत्त झाली. पुष्कळ वेळा तज्ज्ञांचे भाषण म्हणजे कचेरीतले परिपत्रक मोठ्याने वाचल्यासारखे. 'सदर किडीच्या प्रादुर्भावाचे नियंत्रणासाठी' असे सुरू झाले की श्रोता काटा फिरवणारच. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

म्हसवडच्या बाजारपेठेत एका दुकानाच्या पाटीवर 'रेडिओ' हे अक्षर जुन्या रंगात अर्धवट दिसते, त्यावर मोबाइल दुरुस्तीची नवी पाटी लावलेली आहे. दुकानदार पन्नाशीचे, वडिलांचाच धंदा पुढे चालवणारे. वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके रेडिओ दुरुस्तीला येतात, असे त्यांनी सांगितले. "पर एक सांगतो," ते म्हणाले, "रेडिओ घिऊन येनारा मानूस दुकानात बसून राहतो. दुरुस्त झाल्यावर ऐकून बघतो, मगच उठतो. फोनवाला नंबर दिऊन जातो."

इथे सत्तर वर्षांमागची एक हकिकत सांगण्यासारखी आहे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावे निवडली. उत्तर सातारा म्हणजेच आजचा सातारा जिल्हा. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचे श्रोतृमंडळ नेमले. आठवड्यातून दोनदा पुणे केंद्रावरून अर्ध्या तासाचा खास कार्यक्रम होई, असे वीस कार्यक्रम झाले. मंडळाने एकत्र बसून ऐकायचे, नंतर त्यावर चर्चा करायची, शंका केंद्राला लिहून कळवायच्या आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत मिळायची. कल्पना मूळची कॅनडातली. तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांची अशी मंडळे चालत.

प्रयोगाचा अभ्यास पॉल न्यूराथ यांनी केला. त्यांनी मंडळाच्या गावांची तुलना दोन प्रकारच्या गावांशी केली. काही गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, काही गावांत रेडिओही नव्हता. निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा निघाला. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती पुष्कळ वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारच थोडी वाढली. आवाज तोच, कार्यक्रम तेच, फरक होता तो ऐकल्यानंतर बोलण्याचा. पुढे १९५९ पासून ही मंडळे देशभर सुरू झाली आणि यथावकाश कागदावर राहून संपली. तमिळनाडूतल्या तंजावर भागात तर साठीच्या दशकात ए.डी.टी. २७ या भाताच्या वाणाला शेतकरी 'रेडिओ भात' म्हणू लागले, कारण त्याची माहिती त्यांना रेडिओवरून मिळाली होती. बियाण्याला रेडिओचे नाव पडते, तेव्हा त्या आवाजावर लोकांचा केवढा विश्वास असेल!

आज माहितीचा तुटवडा नाही. हवामान खात्याचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. २०१९ पासून 'मेघदूत' ॲप आहे, विजेचा इशारा देणारे 'दामिनी' आहे. आकाशवाणीची केंद्रेसुद्धा 'न्यूजऑनएअर' या ॲपवर ऐकता येतात. पण पारावर बसलेल्या आठ जणांच्या आठ फोनवर आठ वेगळे आवाज चालू असतात. एकाने काय ऐकले ते दुसऱ्याला ठाऊक नसते. चुकीचे ऐकले तर "अरे, असं नव्हतं सांगितलं" म्हणणारा शेजारी उरलेला नाही. शेतीत याची किंमत रोख मोजावी लागते.

म्हसवडमध्ये मात्र एक वेगळी गोष्ट आढळली. २००६ साली सरकारने स्वयंसेवी संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांना सामुदायिक रेडिओ चालवण्याची मुभा दिली. त्यानंतर २००८ मध्ये इथे 'माणदेशी तरंग वाहिनी' हे छोटे केंद्र ९०.४ वर सुरू झाले. अशा केंद्राची ताकद फार तर शंभर वॅटची, आवाज दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत. एका घरी चहाला थांबलो असता ते लागलेले ऐकले. घरातल्या काकू भाकरी थापता थापता ऐकत होत्या. बोलणारी बाई थेट माणदेशी बोलत होती, अगदी 'हाय' आणि 'न्हाई'सकट. काकू मध्येच परातीतला हात थांबवून म्हणाल्या, "ही आमच्या वळखीची हाय. बाजारात भेटली की तिला इचारते, त्या दिवशी काय सांगितलंस ते पुन्यांदा सांग." रेडिओवरच्या बाईला बाजारात गाठून जाब विचारता येतो! मोठ्या केंद्राला हे कधीच जमण्यासारखे नव्हते. पण डोंगराआडच्या वाडीत हा आवाज जात नाही, तिथे पुन्हा खरखरच.

चौथ्या दिवशी आटपाडीच्या बाजूला होतो. संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर डाळिंबवाले चार-पाच शेतकरी भेटले. त्यांतल्या एका तरुणाने तेल्या रोगावरचा व्हिडिओ दाखवला. बोलणारा मनुष्य भलत्याच राज्यातला, जमीन काळीभोर, आणि सल्ला असा की बोर्डो मिश्रणात आणखी दोन औषधे घालून एकदम फवारा. तरुणाने औषधे आणूनही ठेवली होती. आवाज बारीक होता, म्हणून मी फोन पितळेच्या तांब्यात उभा करायला सांगितला. तांब्यातून आवाज घुमून मोठा होतो. मग सगळ्यांनी तो व्हिडिओ पुन्हा ऐकला आणि कट्ट्यावर बघता बघता वाद पेटला.

"आपला माळ चुनखडीचा, त्याचं रान बघ की," एक अण्णा म्हणाले. दुसऱ्याने मागच्या साली बोर्डोत औषध मिसळल्यावर पानांचे काय झाले ते सांगितले. बोर्डो मिश्रणात चुना असतो, ते अल्कधर्मी असते, त्यामुळे त्यात इतर औषधे मिसळू नयेत, हे मी सांगितलेच. छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करणे आणि रोगट फांद्या, फळे बागेबाहेर नेऊन जाळणे याला तेल्यामध्ये फवारणीइतकेच महत्त्व आहे, तेही सांगितले. तरुणाचे समाधान अर्धेच झाले. "आनि एकाला इचारू," तो म्हणाला. ठीक आहे म्हणून आम्ही १८००-१८०-१५५१ हा किसान कॉल सेंटरचा नंबर लावला. तो सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलतात. फोन पुन्हा तांब्यात ठेवला. मिसळू नका, असेच उत्तर आले.

तेवढ्यात देवळात आरती सुरू झाली, तेव्हा तांब्यातला फोन काढून तांब्या पुजाऱ्याला परत द्यावा लागला. उठता उठता अण्णांनी तरुणाला बजावले, की पुढच्या वेळी ऐकायचे ते इथे आणून ऐक. सोमवारी ठिबकमधून खत सोडण्याचा विषय घ्यायचा असेही ठरले. तांब्या कुणाच्या घरून आणायचा, यावर मी एस.टी.साठी निघालो तेव्हाही बोलणे चालूच होते.