पावसावाचून फुगणारी नदी : कुंडलिका

रायगड जिल्ह्यातील कुंडलिका ही काही मोठी नदी नव्हे. भिऱ्याकडून ती सह्याद्रीच्या पायथ्याने वाहत येते, कोलाडास मुंबई-गोवा महामार्गाखालून जाते आणि रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीने पश्चिम समुद्रास मिळते. गंगा-गोदावरींचे माहात्म्य तिच्या वाट्यास आलेले नाही. परंतु सुटीच्या दिवशी दूरदूरची मंडळी तिच्या लाटांवर नौकाविहार करावयास येतात. घरातील मुले तेथे जाण्याचा हट्ट धरू लागली, म्हणजे त्यांस ही नदी आधी समजावून द्यावी, असे आम्हांस वाटते.

वैशाखात कोकणातील लहान नद्यांच्या पात्रांत धोंडेच दिसतात. मग कुंडलिकेस ऐन उन्हाळ्यात पाणी कोठून येते? मुलांनो, याचे उत्तर डोंगरावर आहे. घाटमाथ्यावर मुळशी येथे मुळा नदीस बांध घालून मोठा जलाशय केलेला आहे. त्यातील पाणी प्रचंड नळांतून कोकणात भिऱ्याच्या वीजगृहात उतरवितात. उंचावरून आलेल्या त्या पाण्याच्या वेगाने चक्रे फिरतात व वीज उत्पन्न होते. 1927 सालापासून हा क्रम चालू आहे. काम संपलेले पाणी पुढे कुंडलिकेत येते. मुळेचे पाणी स्वभावतः पुण्यास मुठेस भेटून, भीमा व कृष्णा यांच्या संगतीने पूर्व समुद्राकडे जावयाचे. मनुष्याने त्यातील काही पश्चिमेकडे वळविले.

हे पाणी बहुधा सकाळी सोडितात, म्हणून नौकाविहारही सकाळीच होतो. साजे गावाजवळून रबराच्या फुगीर नावा निघतात आणि दहा-बारा किलोमीटर खाली जातात. जेथे पात्र अरुंद व उतरते होऊन मध्ये खडक येतात, तेथे पाणी उसळते, त्यात हवा मिसळते व ते दुधासारखे पांढरे दिसते. मोठ्या खडकाच्या पाठीमागे मात्र प्रवाह उलटा फिरून तेथे संथ जागा निर्माण होते. कुशल नावाडी तीतच नाव विसाव्यास आणितो. अंगात तरंगते जाकीट, मस्तकी शिरस्त्राण आणि हाती वल्हे घेऊन सर्वांनी नावाड्याच्या आज्ञेसरशी एकदम वल्हवावयाचे असते. एकाने जरी आपलेच शहाणपण चालविले, तरी नाव फिरते.

कोणी वाहत्या पाण्यात पडलाच, तर त्याने उभे राहण्याची धडपड करू नये. पाय दगडांच्या फटीत अडकला तर प्रवाह मनुष्यास पाण्याखाली दाबितो. उताणे व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे व वर ठेवावे आणि नावाड्याच्या दोरीची वाट पाहावी. जे काठीच स्नानास अथवा वनभोजनास बसतात, त्यांनी अधिक जपावे. आकाश निरभ्र असले तरी वरून पाणी सुटताच गुडघाभर प्रवाह पाहता पाहता कमरेस लागतो. पाणी केव्हा सुटते हे गावकऱ्यांस विचारल्यावाचून मुलांस पात्रात उतरू देऊ नये. ज्यास उत्तम पोहता येते त्यासही हा नियम लागू आहे.

आणखी एक गोष्ट मुलांच्या कानी घालावी. मुळशीच्या जलाशयाखाली मावळातील गावे, शेते व देवळे बुडाली. ती वाचविण्याकरिता 1921 साली मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट त्यात अग्रभागी होते आणि त्यांनी त्यापायी कारावास सोसला. तथापि धरण झाले आणि भूमी गेली. वीज मुंबईस मिळाली, उन्हाळी पाणी कोकणास मिळाले, आणि आता त्याच पाण्यावर आपली मुले खेळतात. त्यांनी अवश्य खेळावे. पण परतताना कागद व बाटल्या पात्रात टाकू नयेत. ज्या पाण्यापायी कोणाचे घर गेले, ते मलिन करण्याचा अधिकार आपणांस नाही, एवढे त्यांस घरच्या वडीलधाऱ्यांनीच सांगावे.