डबा कोण सांभाळणार?

जिओकॅशिंग म्हणजे काय, हे बडोद्याला घरी फोनवर मी निदान दहा वेळा समजावलं असेल. शेवटी आजीनेच व्याख्या करून टाकली. "म्हणजे एकाने रानात डबा लपवायचा, दुसऱ्याने उपग्रह बघून तो शोधायचा, वहीत नाव लिहायचं आणि परत तिथेच ठेवायचा. मग मिळालं काय?" व्याख्या अचूक आहे. प्रश्नाचं उत्तर जरा लांबतं.

गेली पाच वर्षं आम्ही सिऍटलजवळ बॉथेलला राहतो, आणि या खेळाची पंढरी म्हणावी तर हाच भाग. मे २०००च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेला घोळ काढून टाकला. तोवर शंभर मीटरपर्यंत चुकणारं यंत्र एका रात्रीत नेमकं झाडापर्यंत नेऊन सोडू लागलं. ३ मे रोजी डेव्ह अल्मर या गृहस्थाने शेजारच्या ओरेगन राज्यात, पोर्टलंडपासून जवळच, एक बादली अर्धवट पुरली आणि अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. बादलीत पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि घेवड्याचा डबाबंद कॅन, असा सगळा माल होता. नियम एवढाच, की काही घेतलंत तर काही ठेवा आणि वहीत नोंद करा. तिथे आता स्मारकाची पाटी आहे. खेळाची मुख्य वेबसाइट चालवणारी कंपनी सिऍटलच्या फ्रीमाँट भागात आहे.

मला सगळ्यांत आवडलेली जागा मात्र स्नोक्वाल्मी खिंडीतली. सिऍटलहून पूर्वेला तासभर गाडी हाकली की हायॅक लागतं. तिथून जुन्या मिलवॉकी रोड रेल्वेचा बोगदा सुरू होतो. १९८०नंतर गाड्या बंद झाल्या, रूळ गेले, पायवाट राहिली. बोगद्याची लांबी सुमारे साडेतीन किलोमीटर. आत एकही दिवा नाही, भर जुलैत स्वेटर लागतो आणि समोर टाचणीच्या डोक्याएवढा उजेड दिसतो. तासभर चाललं तरी तो टाचणीएवढाच राहतो, मग एकदम दार होतो. आमच्या सहा वर्षांच्या मुलीने अर्धा बोगदा घाबरून आणि अर्धा प्रतिध्वनीत गाणी म्हणत पार केला. पलीकडे उतारावर झाडीत तो प्रसिद्ध डबा आहे. २००१ मध्ये 'प्लॅनेट ऑफ द एप्स' चित्रपटाच्या जाहिरातीसाठी जगभर जे मोजके डबे लपवले होते, त्यांतला हा एक. २०११ मध्ये तो नाहीसा झाला आणि २०१७ मध्ये पुन्हा चालू झाला. मुलीने त्यातून एक प्लॅस्टिकचा बेडूक घेतला आणि आपल्या पैंजणातलं सुटलेलं घुंगरू ठेवलं. सौदा तिला फार फायद्याचा वाटला.

इथे 'वॉशिंग्टन स्टेट जिओकॅशिंग असोसिएशन' ही स्वयंसेवकांची राज्यव्यापी संघटना आहे. तिच्या आमच्या भागातल्या मंडळींना पॅनकेकच्या हॉटेलात पहिल्यांदा भेटलो, तेव्हा वाटलं होतं की खजिन्याच्या गप्पा ऐकायला मिळतील. चर्चा चालली होती ओल्या वह्यांची! ऑक्टोबर ते मे इथे पावसाची रिपरिप असते. झाकणाचं रबर सैल झालं की वहीचा लगदा होतो. म्हणून बरेच जण टॅकोमाच्या कंपनीचा पावसात लिहिता येणारा कागद वापरतात. डब्यात खाऊ ठेवायचा नाही, कारण अस्वलांना आणि रकूनना जीपीएस लागत नाही. दोन डब्यांत निदान १६१ मीटर अंतर हवं. राज्य उद्यानात ठेवायचा तर उद्यानाचा परवाना हवा. हा परवान्याचा विषय निघाला की सगळे गंभीर होतात. एखादा रेंजर एकदा वैतागला, की त्या उद्यानात पुढच्या सगळ्यांची वाट बंद होते. उलट २०१३ मध्ये राज्य उद्यानांची शताब्दी होती, तेव्हा याच संघटनेच्या मदतीने उद्यानोद्यानी डबे ठेवून लोकांना तिथवर नेलं गेलं. तो विश्वास टिकवायचा म्हणून वर्षातून काही शनिवार आम्ही पिशव्या घेऊन कचरा गोळा करतो, काटेरी ब्लॅकबेरी उपटतो. या झुडपाला सगळे 'हिमालयन' म्हणतात, मूळ मात्र आर्मेनिया-इराणकडचं. हिमालयाच्या वतीने मी दर वेळी निषेध नोंदवतो.

पण खरी काळजी आहे बेवारशी डब्यांची. कोणी गाव सोडतं, कोणाचा रस संपतो, कोणी जातं. तक्रारीला उत्तर आलं नाही की तपासणारा स्वयंसेवक ती नोंद कायमची बंद करतो. नकाशावरून खूण जाते, डबा मात्र झाडाखाली तसाच पडून राहतो, आणि त्या दिवसापासून तो निव्वळ कचरा असतो. डबा दत्तक देता येतो, पण देणारा स्वतः मालकच हवा. आमच्या गटातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाई दर महिन्याला एका दिवंगत मित्राचे अकरा डबे पाहून येतात. ते त्यांच्या नावावर कधीच होणार नाहीत, कारण मित्राने जिवंतपणी ती सोय केली नाही. त्या नुसत्या वह्या बदलतात, झाकणं पुसतात. त्या अकरांतला एक बंद पडला, तेव्हा त्यांनी स्वतः जाऊन डबा उचलून आणला आणि घरी फडताळात ठेवला.

हे सगळं आत्ता सांगण्याचं कारण, ऑगस्टमध्ये आम्ही बडोद्याला कायमचे परत येतोय आणि माझाही इथे एक डबा आहे. सॅमॅमिश नदीच्या पायवाटेलगतच्या एका बागेत, रीतसर परवानगी घेऊन ठेवलेला, आजीने दिलेला स्टीलचा कडीचा डबा. नाव 'कमाटीबाग'. आजवर चारशेच्या वर लोकांनी वहीत सह्या केल्यात. लांब राहून डबा चालवता येत नाही, नियमात बसत नाही आणि मलाही पटत नाही. आपल्यातल्या किती घरांनी दांडिया बाजारातल्या वाड्याला कुलूप घालून किल्ली शेजाऱ्याकडे दिली आणि पुढे काय झालं, हे आपण पाहिलंय.

बडोद्यात हा खेळ रुजेल का, असं चुलतभाऊ विचारतो. जिथे स्टेशनवर 'बेवारस वस्तूला हात लावू नका' अशी घोषणा होते, तिथे सार्वजनिक बाकाखाली डबा लपवणं हा वेडेपणा ठरेल. तांबेकर वाड्यासारख्या संरक्षित वास्तूंच्या आसपास तर नाहीच नाही. एखाद्या संस्थेच्या किंवा वाचनालयाच्या आवारात, त्यांच्या संमतीने, वर स्पष्ट चिठ्ठी लावून, एवढं जमेल. आणि डब्याशिवायचाही एक प्रकार आहे, अर्थकॅश. जागेवर जायचं, खडक नीट बघायचा, प्रश्नांची उत्तरं मालकाला पाठवायची. पावागड त्यासाठी उत्तम! देवीला जाताना आपण ज्या पायऱ्या धापा टाकत चढतो, तो सगळा डोंगर ज्वालामुखीचा आहे. खाली काळा बेसाल्ट आणि माथ्याकडे वेगळ्याच जातीचा, फिकट रंगाचा खडक. जागेच्या खात्याची संमती मात्र त्यालाही घ्यावी लागते, म्हणजे पहिली काही महिने चकरा आल्याच.

'कमाटीबाग' शिक्षिकाबाई घेताहेत. हस्तांतराची विनंती मी पाठवली, पण 'स्वीकार'चं बटण दाबण्याआधी त्या स्वतः डबा बघायला आल्या. कडी चार वेळा उघडून लावून पाहिली, रबर बदलायला सांगितलं, नोव्हेंबरात नदीचं पाणी कुठवर चढतं ते विचारलं. मग वहीच्या पहिल्या पानावर मी नाव देवनागरीत लिहिलंय, ते वाचून दाखवायला लावलं. 'टी' त्यांना अजून नीट जमत नाही. शनिवारी पुन्हा येणार आहेत.