आमचा बंब

आई गॅसच्या गिझरला बंबच म्हणते. पाणी तापवणाऱ्या भांड्यालाही बंब आणि आग विझवणाऱ्या गाडीलाही बंब, हा आपल्या भाषेचा उदारपणा मला वर्गात सांगायला आवडतो. गेल्या डिसेंबरात मात्र या शब्दाने मला छळले. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीतील एक कुटुंब पुण्यास गेले आणि त्यांचा जुना गिझर अल्प मोल देऊन मी घेतला. त्यानंतर रोज पहाटे न्हाणीघरातून प्रश्न येई, "पेटला का रे तुझा बंब?"

तो पेटत नसे.

प्रथम ठिणगीचा आवाजच येईना. आतले दोन जाड सेल गंजले होते; ते बदलल्यावर टकटक सुरू झाली, पण तीही टाकी भरलेली असेल तेव्हाच. नळ सोडल्यावर वाहत्या पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा उचलला जातो, तो एक बारीकसा स्विच दाबतो, तेव्हा कुठे ठिणगी पडते व गॅसची झडप उघडते. आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर, टाकी जेमतेम डोक्यावर. दाब यायचा कुठून? पाणी आत येते तिथली जाळी काढली तर ती गच्चीवरच्या टाकीतल्या गाळाने बुजलेली. जुन्या टूथब्रशने ती घासली आणि ज्योत लागली. (आमच्याकडे सिलिंडर आहे म्हणून एवढ्यावर निभावले. पाइपचा गॅस असता तर जेटही बदलावे लागले असते, कारण नैसर्गिक वायूला अधिक मोठे छिद्र लागते.)

पण लागलेली ज्योत काही क्षणांत विझू लागली. ज्योतीतून अत्यंत क्षीण असा विद्युतप्रवाह वाहू शकतो. तो ज्योतीतल्या सळईला जाणवला नाही, तर यंत्र गॅस बंद करते. आमच्या सळईवर काजळी होती. मिस्त्री म्हणाला, "सर, सेन्सर बायपास करून देतो, परत विझायचा नाही." खरे सांगायचे तर मी हो म्हणणार होतो. आई बादली घेऊन ताटकळत उभी होती.

पण काजळी आली कोठून? ज्योत निळी हवी, ती पिवळी दिसत होती. वर पाहिले तो थंडी लागते म्हणून आईने खिडकीच्या काचपट्ट्यांवर पुठ्ठा लावलेला. तो तिने माझ्याकडूनच मागून घेतला होता, उत्तरपत्रिकांच्या खोक्याचा. कोंडलेल्या हवेत गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरमधल्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम दुर्गंध दिलेला असतो; या वायूला वास नाही, रंग नाही आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आई दाराला आतून कडी लावून, सावकाश, स्तोत्र म्हणत स्नान करते. बंबाचा धूर निदान डोळ्यांना झोंबे; माणूस खोकत बाहेर येई.

मिस्त्रीला मी बायपास करू दिला नाही. त्याच्याकडूनच बर्नर साफ करवून घेतला आणि गिझर न्हाणीघरातून काढून मागच्या उघड्या बाल्कनीत लावला. आत आता फक्त गरम पाण्याची नळी येते. खर्च गिझरच्या किमतीहून अधिक झाला. पुठ्ठा मीच काढला. त्यावर आई दोन दिवस बोलली नाही. तिला कारण सांगायचे मी अजून टाळतो आहे.