लोखंडाचा तेल-शेंदूर

माणसाने दगडमातीतून लोखंड काढले खरे. पण लोखंडाच्या ठायी असलेली मातीची ओढ काही त्याला काढता आली नाही. पाणी आणि हवेतील प्राणवायू यांची संगत जडली, की ते आपल्या मूळ रूपाकडे निघते. या परतीच्या वाटेलाच आपण गंज म्हणतो. आमचे चाळीसगाव लोखंडी रुळांवर वाढलेले. मुंबई-भुसावळ लोहमार्ग येथून जातो, आणि १९०० साली सुरू झालेली धुळ्याची शाखाही येथूनच फुटते. तेव्हा गंजाविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हां चाळीसगावकरांस आहे, असे आम्ही समजतो.

गंजाशी लढण्याची जुनी रीत ऐकून वाचकांस मौज वाटेल. शिशाचा तांबडा ऑक्साइड जवसाच्या तेलात घोटून त्याचे पहिले पूट लोखंडी पुलांस देत असत. हा ऑक्साइड म्हणजे आपला शेंदूरच! शनिवारी जे मारुतीस चढते, तेच थोड्याफार फरकाने पुलांसही चढत होते. शिसे विषारी, म्हणून हा शेंदूर आता मागे पडला आहे. पण तो असो की आजचा भारी किमतीचा रंग असो, दोघांचे दुखणे एकच. ओरखडा पडला, की तेथून पाणी आत शिरते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, आणि शेजारचा धडधाकट रंगही पोपड्यासारखा उचलून टाकतो. जखम मोहरीएवढी, पण नुकसान परातीएवढे.

आपल्या कातडीस मात्र रंगाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. खरचटले, तर ती आपली आपण भरून येते. हा गुण रंगास का देता येऊ नये? या प्रश्नाचे एक उत्तर आमच्या खानदेशातच शोधले गेले, ही समाधानाची गोष्ट होय. जळगावच्या विद्यापीठातील रसायनशास्त्राच्या संशोधकांनी जवसाचे तेल डोळ्यांस न दिसणाऱ्या बारीक कुप्यांत भरून त्या कुप्या इपॉक्सीच्या लेपात मिसळल्या, आणि २०११ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ओरखडा पडला, की त्याच्या वाटेतील कुप्या फुटतात, तेल भेगेत उतरते आणि हवा लागून त्याची सायीसारखी खपली धरते. जो प्राणवायू लोखंडाचा वैरी, त्याच्याच हातून येथे लोखंडाचे रक्षण होते. शेंदूर गेला, तेल मात्र नव्या वेषात परत आले.

दुसरे उत्तर उन्हाचे. आमच्याकडे वैशाखात पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि त्या उन्हातील अतिनील किरणांनी चांगल्या रंगाचीही खडूसारखी भुकटी होते. त्याच किरणांस वैद्य करण्याची युक्ती अमेरिकेतील मारेक अर्बन व बिस्वजित घोष यांनी २००९ साली दाखविली. खेकडे, कोळंबी यांच्या कवचांपासून मिळणारे कायटोसान त्यांनी पॉलियुरेथेनच्या लेपात गुंफले आणि त्याला चार अणूंची छोटी कडी जोडली. ओरखड्याने कडी तुटते. अतिनील प्रकाशाने कायटोसानची साखळीही मोकळी होते. आणि ही मोकळी टोके एकमेकांस धरून तासाभराच्या आत भेग सांधतात. पुढे २०१३ साली दक्षिण कोरियातील संशोधकांनी उन्हात घट्ट होणारे द्रव्य कुप्यांत भरून काँक्रीटसाठी असाच लेप केला.

उन्हाची ददात नसलेल्या आमच्या मुलखास हा केवढा लाभ, असे प्रथमदर्शनी वाटते. पण गंज बसतो कोठे, हे एकदा पाहावे. पाण्याच्या टाकीखालच्या सांगाड्याच्या सांध्यात, खिडकीच्या गजांच्या मुळाशी, पत्र्यावर पत्रा चढतो त्या फटीत! पावसाचे पाणी तेथे साचून राहते, आणि सूर्य तेथे कधी डोकावत नाही. तेथे जवसाच्या कुपीचा उपयोग अधिक. कारण तिला ऊन नको, हवा पुरे. तथापि कुपी फुटते ती एकदाच. आणि अर्बन यांचा लेपही एकाच ठिकाणी दुसऱ्यांदा भरून येत नाही. शिवाय पोपड्याखाली आधीच बसलेला गंज या दोन्ही उपायांनी झाकला जाईल, बरा होणार नाही.

म्हणून आम्हांस वाटते, हे लेप जरूर यावेत; उंच मनोऱ्यांवर, लांब पुलांवर, जेथे माणसाने चढणे म्हणजे जिवाशी गाठ, तेथे तर आधी यावेत. मात्र रंगाऱ्याच्या कामात एक दुसरे कामही दडलेले असते. काचकागद घेऊन जुना रंग खरवडताना तो लोखंडाचा वीतन् वीत भाग पाहतो, ठोकून आवाज ऐकतो, कोठे पोकळ झाले ते सांगतो. रंग आपला आपण बरा होऊ लागला, की हे पाहणे खर्चाच्या हिशेबातून सहज गळेल. ते गळू देता कामा नये. लेप नवा आला, तरी वर्षातून एकदा शिडी लावून सांध्यांत डोकावणारा माणूस आपल्याला हवाच आहे.