विकत न मिळणारा मासा

न्यूझीलंडमधल्या टाऊपो गावात पाऊल ठेवले की ट्राउट मासा जागोजागी भेटतो. कधी दुकानाच्या पाटीवर, कधी टी-शर्टावर, तर कधी मोटेलच्या खोलीतल्या तसबिरीत. साहजिकच संध्याकाळी सरोवराकाठच्या एखाद्या हॉटेलात बसल्यावर पाहुण्याला वाटते, आता हा मासा ताटातही यावा. पण वाढप्याला तसे सांगितले की तो नम्रपणे मान हलवतो आणि सामन मासा सुचवतो. हॉटेल बदलूनही उपयोग नसतो. ट्राउट बाजारात नाही, मोठ्या दुकानातल्या बर्फाच्या पेटीतही नाही. न्यूझीलंडमध्ये ट्राउट विकणे हा गुन्हा आहे!

खायचाच असेल तर मार्ग दोनच. परवाना काढून स्वत: पकडावा, नाहीतर ज्याने पकडला त्याने आपुलकीने दिला तर घ्यावा. आपण पकडलेला मासा हॉटेलात नेऊन दिला तर काही ठिकाणी स्वयंपाकी तो रांधूनही देतो. पैसे घेतो ते रांधण्याचे, माशाचे नव्हे. या कायद्यामागचे कारण व्यवहारी आहे. मासा विकता आला तर रात्रीतून जाळी पडतील आणि सरोवर रिकामे होईल. विकताच येत नसेल तर चोरून धरण्यात फायदा काय?

ऑकलंडहून टाऊपो सुमारे २८० किलोमीटर दक्षिणेला आहे. ऑकलंडमध्ये नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मुलांकडे आपल्याकडचे आई-वडील हल्ली बरेच जातात. त्यांच्या सहलीत रोटोरुआची गरम पाण्याची कुंडे ठरलेली असतात. तिथून सुमारे तासाभरावर टाऊपो. दुपारी यायचे, हुका धबधबा पाहायचा, काठावर फोटो काढायचे आणि परतायचे. बहुतेकांचे टाऊपो एवढेच. खरे तर हे सरोवर काठावरून पाहण्याचे नाहीच. ते पाहावे पहाटे, आणि तेही छोट्या होडीतून.

त्याआधी त्याच्या आकाराची कल्पना हवी. क्षेत्रफळ सुमारे ६१६ चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगरे मिळून जेवढी जागा व्यापतात, जवळपास तेवढे पाणी. सर्वात जास्त खोली १८६ मीटर. हे सरोवर म्हणजे एका ज्वालामुखीचे खचलेले मुख आहे. पंचवीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वी झालेल्या महास्फोटात त्याला आजचा आकार येऊ लागला आणि सुमारे १८०० वर्षांपूर्वी आणखी एक प्रचंड स्फोट झाला. त्याची खूण अजून किनाऱ्यावर पडलेली दिसते, पांढरट सच्छिद्र दगडांच्या रूपाने. लहान मुलाने तो दगड पाण्यात भिरकावला की तो बुडत नाही, तरंगतो. मुले यात तासभर रमतात. दक्षिणेला तोंगारिरो, न्गाउरुहोए आणि रुआपेहू ही तीन ज्वालामुखी शिखरे उभी आहेत. आकाश निरभ्र असेल तर होडीतून तिन्ही एकाच वेळी दिसतात.

रंग मोजत जाणारा दोर

पहाटे पाचच्या सुमारास धक्क्यावर हालचाल सुरू होते. तिथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारीचा, पण तेव्हाही पहाटे स्वेटर लागतोच. होडी चार-पाच जणांची, लहानसे इंजिन लावलेली. प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट आणि गळ टाकणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात परवाना. किनाऱ्यापासून दोनशे मीटरांच्या आत पाच नॉटपेक्षा वेगाने जायचे नाही, हा नियम. तसेही घाई करण्याचे कारण नसते, कारण या मासेमारीचा सारा जीव संथपणात आहे.

आपल्या कोकणात खाडीकाठी गरी टाकून बसतात, त्याला गरवणे म्हणतात. तिथे माणूस एका जागी आणि मासा फिरता. इथे उलट. होडी चालती ठेवायची, तिच्यामागे लांबलचक दोर सोडायचा आणि टोकाचे खोटे आमिष पाण्यातून ओढत न्यायचे. यालाच ट्रोलिंग म्हणतात. वेग माणसाच्या रमतगमत चालण्याइतका. आमिष म्हणजे चकचकीत, किंचित वाकडी पट्टी, किंवा पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली, लहान माशासारखी दिसणारी गळमाशी. दोर सोडण्यापूर्वी होडीवाला आमिष होडीलगतच्या पाण्यात धरून पाहतो. ते जखमी माशासारखे थरथरले पाहिजे. नुसते गरगर फिरले तर वेग चुकला, किंवा गाठ चुकली.

पहाटेची जागा ठरलेली असते. किनाऱ्यापासून काही अंतरापर्यंत तळ उथळ आणि फिकट वाळूचा असतो. मग तो एकदम खाली कोसळतो. वरून पाहिले तर पाण्याचा फिकट हिरवा रंग संपून गडद निळा सुरू होतो, जणू कोणी रेघ मारली आहे. वसंत आणि उन्हाळ्यात स्मेल्ट नावाचे बोटभर मासे थव्याने उथळ पाण्यात येतात आणि त्यांच्या मागे ट्राउट येतो. होडी त्या रेघेवरून हळूहळू पुढे सरकत राहते. या वेळी दोर फार खोल सोडावा लागत नाही.

सूर्य वर आला की ट्राउट खालच्या गार पाण्यात उतरतो. खरे कसब इथून पुढे लागते. मासा किती खोल गेला आहे आणि आपले आमिष किती खोल आहे, हे दोन्ही न दिसणारे आकडे जुळवायचे असतात. त्यासाठी पोटात शिशाची तार असलेला दोर वापरतात. त्याचा रंग दर दहा यार्डांवर बदलतो. किती दोर सोडला हे रंग मोजून कळते. त्यामुळे दोन होड्या एकमेकींजवळून गेल्या तर 'किती खोल?' असे कोणी विचारत नाही, 'किती रंग?' असे विचारतात. आपल्या गृहिणी फोडणीचा अंदाज वासावरून घेतात, तसलाच हा प्रकार. याहून खोल जायचे तर तारेला जड शिशाचा गोळा बांधून तो खाली सोडतात आणि दोर त्याला चिमट्याने अडकवतात. मासा लागला की चिमटा सुटतो.

होडी सरळ रेषेत चालवणारा नवखा ओळखू येतो. जाणकार तिला नागमोडी नेतो. वळण घेताना आतल्या बाजूच्या गळाचा वेग मंदावतो आणि तो खाली बसतो. बाहेरच्या बाजूचा वेग वाढून तो वर उचलला जातो. मासा कोणत्या गळाला लागला, यावरून त्याला आज काय हवे आहे ते कळते. खाली आणि सावकाश, की वर आणि चपळ. मग दोर तसे सोडायचे. इंजिन, यंत्राच्या पडद्यावर दिसणारी खोली, वारा, रंग आणि वळण या सगळ्यांचा हिशेब होडीवाल्याच्या डोक्यात चालू असतो आणि बाकीच्यांना वाटते, तो नुसता चहा पीत बसला आहे.

मग केव्हातरी काठी वाकते आणि रिळाची कर्कश घरघर सुरू होते. होडीत एकच गडबड! इंजिन न्यूट्रलला आणतात, बाकीचे आपापले दोर गुंडाळू लागतात. रेनबो ट्राउट गळाला लागला की पाण्याबाहेर उडी घेतो, एकदा नव्हे तर दोन-तीनदा. त्याच्या कुशीवरचा गुलाबी पट्टा उन्हात लखकन चमकतो. याच क्षणी दोर सैल पडला तर मासा गेला. खेचून धरला तर दोर तुटतो. दमवत दमवत होडीजवळ आणायचा आणि डोक्याच्या बाजूने जाळीत घ्यायचा. ठरलेल्या मापापेक्षा लहान निघाला तर ओल्या हातांनी सोडून द्यायचा.

दक्षिण टोकाला मिळणाऱ्या तोंगारिरो नदीत कंबरभर पाण्यात उभे राहून गळमाशी फेकणारे शौकीन या होडीवाल्यांकडे जरा तुच्छतेने पाहतात. नदीची ख्याती मोठी आहे. १९२० च्या दशकात झेन ग्रे हा अमेरिकन कादंबरीकार तिथे मासे पकडायला आला आणि त्याने तिची कीर्ती जगभर पोचवली. पण त्या खेळात आजी आणि सात वर्षांची नात एकत्र बसू शकत नाहीत. होडीत बसू शकतात, आणि मासा दोघींपैकी कोणालाही लागू शकतो.

कोणाचे पाणी, कोणाचा मासा?

ट्राउट इथला नव्हेच. ब्राउन ट्राउटची अंडी इंग्लंडहून बर्फात ठेवून १८६४ मध्ये टास्मानियाला पोचली आणि तिथल्या पैदाशीतून १८६७ मध्ये न्यूझीलंडला. रेनबो ट्राउट कॅलिफोर्नियातून १८८३ मध्ये ऑकलंडला आला आणि शतक संपता संपता टाऊपोत सोडला गेला. गोऱ्या वसाहतवाल्यांना आपल्या देशातला खेळ इथेही हवा होता. काश्मीरमधला ट्राउटही याच हौसेपोटी १९०० च्या सुमारास आला. फरक एवढाच, की काश्मीरमध्ये तो सरकारी मत्स्यकेंद्रांतून वजनावर विकत मिळतो.

टाऊपोत आधीपासून राहत होता कोआरो. हा बिनखवल्यांचा छोटा मासा किनाऱ्यावरच्या न्गाती तूफारेतोआ या माओरी जमातीचे रोजचे अन्न होता. ट्राउटने त्याच्यावर ताव मारला. पहिल्या काही वर्षांत ट्राउट एवढे मोठे निघाले की शिकाऱ्यांना स्वर्ग हाती आल्यासारखे वाटले. मग कोआरो संपत आला आणि ट्राउटची उपासमार सुरू झाली. डोके मोठे, अंग काडी, असे मासे निघू लागले. सरकारला जाळी लावून त्यांची संख्या कमी करावी लागली. पुढे १९३० च्या दशकात त्यांच्यासाठी स्मेल्ट आणून सोडले, तेव्हा घडी बसली. पाहुण्याची सोय झाली. घरच्यांच्या ताटाचे काय? ज्या पाण्यात पणजोबांनी कोआरो धरला, त्याच पाण्यात ट्राउट पकडण्यासाठी पणतवाला परवाना काढण्याची वेळ आली.

१९२६ मध्ये जमात आणि सरकार यांच्यात करार झाला. सरोवराचा तळ सरकारकडे गेला आणि त्याबदल्यात जमातीला दरवर्षी ठरावीक रक्कम व परवान्यांच्या उत्पन्नातला वाटा द्यायचे ठरले. १९९२ मध्ये तळाची मालकी जमातीकडे परत आली. लोकांना होडी आणि गळ घेऊन जायची मुभा मात्र कायम राहिली. टाऊपोसाठी आजही वेगळा परवाना लागतो, न्यूझीलंडमधल्या इतर पाण्याचा इथे चालत नाही. परदेशी पाहुण्याने तो घेताना कुरकुर करू नये. सरोवराच्या मध्यावर मोतुताइको नावाचे बेट आहे, ते जमातीला पवित्र आहे. तिथे होडी लावायची नाही. पश्चिमेकडे जाताना माइन बे इथल्या कड्यावर दहा मीटरहून उंच माओरी मुखशिल्प कोरलेले दिसते. ते १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात खोदले गेले आणि नीट दिसते फक्त पाण्यावरून. तिथे होडीवाला इंजिन आणखी मंद करतो. गळ मात्र पाण्यातच असतात.

दुपार होण्याआधी परतलेले बरे. पश्चिमेकडून वारा सुटला की हे सरोवर समुद्रासारखे उसळते आणि छोट्या होडीची गय करत नाही. धक्क्यावर आल्यावर होडी धुऊन, पुसून, वाळवावी लागते. दुसऱ्या पाण्यात जाणार असाल तर फारच काळजीपूर्वक. २०२३ मध्ये याच सरोवरातून निघणाऱ्या वायकाटो नदीच्या खालच्या भागात एक परदेशी शिंपला सापडला आणि तेव्हापासून सगळे धास्तावले आहेत. ज्यांच्या पूर्वजांनी हौसेने परका मासा आणून सोडला, तेच आता नखाएवढ्या परक्या शिंपल्याच्या भीतीने होडीच्या फटी चाचपतात.

मासा साफ करताना जुना माणूस आधी त्याचे पोट उघडून पाहतो. आत स्मेल्ट असतील तर उद्या चंदेरी आमिष लावायचे, झिंग्यासारखा कोउरा असेल तर तपकिरी आणि तळाजवळ. कोआरो क्वचितच निघतो. माशाचे मधोमध दोन भाग करून मीठ आणि तपकिरी साखर चोळतात आणि मानुका लाकडाच्या भुशाचा धूर देतात. बाहेर काढला की मांस केशरी होऊन सहज सुटते. त्यातला एक तुकडा कागदात गुंडाळून शेजारच्या घरी जातो. शेजारी पैसे विचारत नाही, विचारतो, 'किती रंग?'