रंकाळ्याचा घोडा आणि आपले नातवंड

संध्याकाळी नातवंडांना घेऊन आपण रंकाळ्यावर जाता, तेव्हा संध्यामठामागचा सूर्यास्त निवांत पाहावा असे मनात असते. मुलांची नजर मात्र चौपाटीवरच्या घोड्यावर खिळते. ‘आजोबा, एक फेरी!’ हा हट्ट पुरवावा की नाही, हे ठरवण्यासाठी त्या मुक्या जिवाचे शिक्षण कसे होते, ते जाणून घ्यावे.

करवीरनगरीला अश्वविद्या नवी नाही. राजर्षी शाहू महाराज ‘खडखडा’ नावाची गाडी स्वतः हाकीत. तरुण घोड्यांना वळण लावण्यासाठी अशा गाड्या वापरल्या जात. घोडा स्वभावतः भित्रा; धोका वाटताच तो पळ काढतो. ही भीती माराने वाढते, सवयीने ओसरते. म्हणून शिंगराच्या अंगावरून लहानपणापासून हात फिरवावा, खरारा करावा, त्याचे खूर उचलून पाहावेत. पुढे फुगे, हॉर्न, मुलांचा कलकलाट यांची ओळख दुरून, हळूहळू करून द्यावी आणि ते शांत राहिले की शाबासकी द्यावी. तिसऱ्या-चौथ्या वर्षापूर्वी पाठीवर स्वार नको. तोवर हाडे कोवळी असतात.

आता आपली पारख. घोड्याने कान मागे पाडले, शेपूट झटकली, पाय आपटला, तर फेरी नको. बरगड्या दिसत असतील किंवा खोगिराखाली जखम असेल, तरीही नको. दुखणारा घोडा बेभरवशाचा. अगदी नाकासमोरचे व पाठीमागचे त्याला दिसत नाही, म्हणून मुलाला खांद्याच्या बाजूने न्यावे. डोक्यावर हेल्मेट, लगाम मोतद्दाराच्या हाती, चाल पावलापावलाची. मुलाला उचलून बसवण्याचे कामही त्याच्यावर सोपवावे. आपली कंबर आणि गुडघे जपावेत. घोडा चावलाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि धनुर्वात व रेबीजच्या लसींविषयी त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

विश्वास जडला, तर घोडा दुबळ्या शरीरालाही सांभाळून घेतो. पोलिओने पाय अधू झालेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीचे रौप्यपदक मिळवले.

आणि एखाद्या दिवशी फेरी नाकारावी लागली, तर मुलाला कारण सांगावे: ‘आज तो दमला आहे.’ शांत घोडा दिसेल त्या दिवशी, मालकाला विचारून, त्याच्या मानेवरून हात फिरवू द्यावा. दुसऱ्याचा थकवा ओळखायला शिकलेले मूल उद्या आपल्यालाही हात देईल.