परसदारचा साधा मांडव

मैत्रिणींनो, जत म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे दुष्काळच येणार! खोटं नाही ते. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या सीमेवरचा हा आमचा तालुका. पाऊस बेताचा, ऊन मात्र सढळ हातानं.

तरीही आमच्या परसदारी एक निवांत जागा आहे. बाभळीच्या चार मेढी, वर आठ फुटांवर वासे, झालं! मेढींची पुरायची टोकं तेवढी डांबरात बुडवून घेतली, वाळवी लागू नये म्हणून. आमचे 'हे' पत्रा घालू म्हणत होते; पण पत्र्याखाली दुपारी बसवतं का?

वेल कोणता, यावर घरात वाद झाला. तालुक्यात द्राक्षबागा, म्हणून सासूबाईंचं मन द्राक्षावर. पण द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलात. म्हणजे ऐन उन्हाळ्यात मांडव बोडका! शेवटी मधुमालती लावली, तीही पश्चिमेच्या बाजूला, उतरतं ऊन अडावं म्हणून. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी मी तिलाच घालते. पांढरी उमललेली फुलं पुढे गुलाबी, मग लाल होतात.

मग मला तिथे कुंड्या टांगायचा मोह झाला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, इथं तरी पुसायला-आवरायला काही ठेवू नकोस." पटलं मला. आता तिथे फक्त एक बाज आहे. सासरे गेल्यापासून माजघर न सोडणाऱ्या सासूबाई हल्ली चारचा चहा तिथेच मागतात.

तुमच्याही परसात थोडी जागा असेल, तर सावली तेवढी आणा. बाकीचा पसारा घरातच राहू द्या!